खंडेनवमीचं कुलूप

दुकानात कुणीबी आलं आणि "कुलूप बसवायचंय" म्हणलं, की मी आधी एकच प्रश्न इचारायचो. कुणापासून?

गिऱ्हाईक गोंधळायचं. कुणापासून म्हंजे? चोरापासून, आणि कुणापासून? मग मी हातातली चावी घासत राहायचो. जरा वेळानं खरं बाहेर यायचं. धाकट्या जावेपासून. भाच्यापासून. एकदा एक वकीलसाहेब म्हणाले, "आईपासून," आणि लगेच मागं वळून बघितलं. त्यांची आई रोज खोली आवरायची आणि कोर्टाचे कागद उंचीप्रमाणं लावून ठेवायची. साहेबांनी लई सोसलं होतं.

छत्तीस वर्षं मी बेळगावात शहापूरला कुलपांचं आणि चाव्यांचं दुकान चालवलं. आता गुडघे कुरकुरायला लागले म्हणून बंद केलंय. ह्या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "अण्णा, बोलता तसंच लिहा, सुधारायला जाऊ नका." तवा हे बोलतोयच असं समजा. मला सुधारून लिहायला येतबी न्हाय.

भाईरच्या दाराचं कुलूप आणि आतल्या खोलीचं कुलूप ह्या दोन वेगळ्या जाती हायत. भाईरचं कुलूप परक्या माणसासाठी. ते मोठं असावं, रस्त्यावरनं दिसावं. आतलं कुलूप घरच्या माणसासाठी, आणि घरचा माणूस काय चोर नसतोय. त्याला नुसती सवय असती. दार ढकलायची सवय, पलंगावर बसायची सवय, टेबलावरचं उचलून बघायची सवय. सवय अडवायला ताकद लागत न्हाय, पण डोकं लागतंय. हे मला कळलं ते निपाणीच्या गुरुजींमुळं.

मी मूळचा निपाणीचा. आई बिड्या वळायची, आणि गुरुजी मला चौथीला शिकवायला होते. ते रिटायर झाले आणि दोन महिने लेकाकडं पुण्याला निघाले. त्यांचा धाकटा भाऊ समोरच्याच खोलीत राहायचा. गुरुजी घरात नसले की हा त्यांच्या पलंगावर दुपारची झोप काढायचा, आणि डोक्याला एवढं तेल थापायचा की उशी पिळली असती. गुरुजी म्हणाले, "भांडण नको, कुलूप बसव." मी धंद्यात नवा. गोल मुठीचं कुलूप बसवलं. आतलं बटण दाबून दार ओढलं की झालं बंद. गुरुजी खुशीत पुण्याला गेले.

दोन महिन्यांनी घरी परतले, आणि दुसऱ्याच दिवशी गाडी धरून ते सरळ बेळगावला दुकानात आले आणि टेबलावर एक रुपाया ठेवला. "ओळख हे काय हाय," म्हणाले. मी म्हणलं, रुपाया. "न्हाय. ही तुझ्या कुलपाची चावी." त्या मुठीला भाईरच्या अंगानं एक बारीक खाच असती. ल्हान पोर आत अडकलं तर दार उघडता यावं म्हणून. भावानं पहिल्याच आठवड्यात त्यात रुपाया घालून फिरवला होता, आणि गुरुजींची उशी पुन्हा तेलकट. चौथीत मिळाली न्हाय तेवढी शिक्षा त्या रुपायानं मला दिली.

तवापासून शिकलो. कडी-कोयंड्याचं कुलूप लावायचं तर त्याचे स्क्रू झाकलेले पायजेत, न्हायतर माणूस कुलपाला हात न लावता अख्खा कोयंडा पेचकसानं काढून ठेवतंय. बिजागरीची खीळ भाईरच्या अंगाला असली तर दारच उचलून घेता येतंय. आणि कुलूप कसलंबी असू दे, आतनं ते चावीशिवाय उघडायलाच पायजे, ह्यात मी कुणाचं ऐकलं न्हाय. खोली बंद करायची असती, माणूस न्हाय.

पण सगळ्यात मोठी अडचण ह्यातली कुठलीच न्हाय. आमच्या भागात आतल्या दाराला लोंबतं कुलूप दिसलं की गल्लीत त्याचा एकच अर्थ. वाटणी झाली. घर फुटलं. चुली वेगळ्या झाल्या न्हायत अजून, पण होणार. म्हणून अशा खोलीला मी दाराच्या जाडीत बसणारं मॉर्टिस लॉक सुचवायचो. दाराच्या कडेला ड्रिलनं भोकं पाडायची, पटाशीनं खाच साफ करायची, कुलूप दाराच्या पोटात घालायचं. भाईरनं दिसतंय ते चावीचं एवढंसं भोक. घर फुटलेलं दिसत न्हाय आणि खोली बंद राहती.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ती गोष्ट.

चार-पाच वर्षांमागं दसऱ्याच्या तोंडावर एक पोरगी दुकानात आली. अश्विनी तिचं नाव. वडगावातल्या मागवाल्यांच्या, म्हंजे विणकरांच्या, घरची, पण स्वतः इंजिनिअर. उद्यमबागेत कारखान्यात ड्रॉइंगं करायची. कंपनी तिला चार महिने बेंगळुरूला ट्रेनिंगला पाठवत होती. "अण्णा, माझ्या खोलीला कुलूप पायजे," म्हणाली. मी म्हणलं, कुणापासून?

ती जराबी गोंधळली न्हाय. म्हणाली, "साड्यांपासून."

मी कानस खाली ठेवली. ती सांगत गेली. घरात दोन पॉवरलूम. माल ठेवायला जागा न्हाय. ही दोन दिवस जरी भाईरगावी गेली तरी साड्यांचे गठ्ठे हिच्या खोलीत. टेबलावर, खुर्चीवर, पलंगावर. एवढंबी तिनं सोसलं. पण मागच्या खेपेला हुबळीचा एक व्यापारी माल बघायला आला आणि तिच्या पलंगावर मांडी घालून बसला. उशीखाली तिची वही होती. त्यानं काढली आणि दोन पानं मोठ्यानं वाचली. "समोर आप्पा बसले होते. माझे आजोबा. तो वाचून हसला, आणि आप्पाबी हसले. मी त्याच वक्ताला दारात पोचले होते."

वहीत काय होतं ते मी इचारलं न्हाय. ते कुलूपवाल्यानं इचारायचं नसतंय. मी एवढंच इचारलं, घरात सांगितलंस का? ती म्हणाली, "आईला ठाऊक हाय. आप्पांना सांगायची हिंमत न्हाय. आतल्या दाराला कुलूप म्हणलं की ते जेवायचे न्हाईत. पण अण्णा, ह्या खेपेला चार महिने हायत. कुलूप न लावता मी गेले तर माझी खोली म्हणून काय राहणारच न्हाय."

हे ऐकून मला आमची मंगल आठवली. माझी थोरली. कुलूपवाल्याची पोर, आणि वाढली पडद्यामागं. आमच्या घरात तिच्या खोलीला दारच नव्हतं. दहावीला असताना म्हणलेली, "बाबा, दार तरी लावा." मी म्हणलं, घरात काय परकं हाय? ती लग्न होऊन कोल्हापूरला गेली, तिथं तिला दारबी मिळालं आणि कडीबी. माझ्या हातनं ते झालं न्हाय, ह्याचं वाईट वाटतंय, ते वाटतंयच.

अडचण दिवसाची होती. अश्विनीला सुटी मिळणार ती थेट खंडेनवमीला, आणि दसऱ्याला सकाळी साडेनऊला सांबऱ्याहून विमान. खंडेनवमीला आम्ही हत्यारं धुतो, पुसतो, हळदीकुंकू लावून पूजेला मांडतो आणि त्या दिवशी त्यांना हात लावत न्हाय. दसऱ्याला उत्तरपूजा करून मगच उचलायची. पण पोरीचं तोंड बघून मी म्हणलं, येतो. माझ्याकडं एक जुनी पिशवी होती, हत्यारांचा दुसरा जोड. नवी हत्यारं पूजेला मांडली आणि जुनी पिशवी गुपचूप दारामागं ठेवली. बायकोला दिसलीच. म्हणाली, "वर्षातनं एक दिवस त्या बिचाऱ्यांना बसू द्यात न्हाय तुम्ही." मी पिशवी आणखी मागं सारली.

आता एक कन्नड शब्द समजून घ्या, त्याशिवाय पुढचं कळायचं न्हाय. कन्नडात बीग म्हंजे कुलूप. कुलूपवाल्याला म्हणत्यात बीगदवरु. आणि बीगरु म्हंजे व्याही. दोन शब्दांत फरक केवढा, तर 'दव' एवढाच.

दुपारी दोनला मी वडगावात पोचलो. गल्ली गप होती. एरवी त्या गल्लीत मागांच्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतंय, पण त्या दिवशी सगळे माग पूजेला. निम्मी गल्ली कन्नड, निम्मी मराठी, आणि दारावर नाव न्हाय. दारात एक म्हातारे गृहस्थ बसलेले, पांढरंशुभ्र धोतर, इस्त्रीचा सदरा. कन्नड असतील म्हणून मी सवयीनं म्हणलं, "बीगदवरु बंदीव्रि." कुलूपवाले आलोय.

म्हातारा ताडकन उठला. हेच आप्पा. पन्नास वर्षं मागावर बसून कान गेलेले, आणि त्याच दिवशी चारला त्यांच्या नातवाच्या, म्हंजे अश्विनीच्या भावाच्या, सोयरिकीचे व्याही घर बघायला येणार होते. गोकाककडचे, कन्नड घर. ह्यांनी आठवडाभर कन्नड घोकून ठेवलेलं. माझ्यातला 'दव' त्यांच्या कानात काय शिरला न्हाय.

"बर्री, बर्री, कुंदर्री," या, या, बसा म्हणत त्यांनी माझा हात धरला. पायावर तांब्यानं पाणी. मी अवघडलो. छत्तीस वर्षांत मला लोकांनी चहा दिलाय, पायरीवर बसवून. हितं थेट खुर्ची. कपाळाला गंध. मग त्यांनी कपाटातनं नवी टोपी आणि टावेल काढला, टोपी माझ्या डोक्यावर, टावेल खांद्यावर, हातात नारळ. हे सगळं निरोपाच्या वक्ताला द्यायचं असतंय. पण आप्पा मागनं म्हणाले, की इसरीन म्हणून आधीच दिऊन टाकलं.

तुम्ही म्हणाल, तुला तरी कळू ने का? पण मला वाटलं, खंडेनवमी हाय, हे जुन्या वळणाचं घर हाय, हत्यारवाल्या माणसाचा मान करत असतील. आणि खरं सांगतो, बरं वाटत होतं. मान गोड लागतोय, त्याची चौकशी कुणी करत न्हाय.

तेवढ्यात आप्पांनी माझी पिशवी उचलली. "एवढं जड कशाला आणायचं," म्हणत ती आत घिऊन गेले. त्यांना वाटलं, व्याह्यांनी काय भांडीकुंडी आणली. आत जाऊन उघडून बघितलं तर ड्रिल, पटाशी, हातोडी. म्हाताऱ्याला वाटलं, व्याही आपली हत्यारं आमच्या पूजेत मांडायला घिऊन आले, केवढं मन. लगेच ती सगळी मागाशेजारी, सूत इकडनं तिकडं नेणाऱ्या धोट्यांच्या ओळीत मांडली, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, उदबत्ती लावली. आणि मी भाईर शिरा खात होतो.

तीनला अश्विनी आणि तिची आई बाजारातनं पिशव्या घिऊन आल्या. दारात मला टोपी घालून खुर्चीवर बसलेला बघून अश्विनी थांबली. "अण्णा, अजून सुरू न्हाय केलंत?" मी म्हणलं, पिशवी आत गेलीय. ती आत गेली आणि पांढरी होऊन भाईर आली. म्हणाली, "पूजेला बसलीय."

मी उठून बघितलं. माझ्या ड्रिलच्या टोकाला कुंकू लागलं होतं. घरी चुकवलेली पूजा हितं बरोबर गाठ पडली. पूजेतलं हत्यार उद्यापर्यंत उचलायचं न्हाय, आणि उद्या सकाळी पोरगी निघणार. मी मित्राला, शिवा सुताराला, फोन लावला, तुझी पटाशी दे. तो म्हणाला, "पूजेला हाय की." त्या दिवशी सगळ्या शहापूर-वडगावात मोकळी पटाशी मिळाली नसती.

आता आप्पांना सांगणं भागच होतं. अश्विनीच्या आईनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. हे व्याही न्हाईत. हे कुलूपवाले. आशूच्या खोलीला कुलूप बसवायला आलेत. पहिल्या वाक्याला आप्पा ओशाळले. शेवटच्या वाक्याला त्यांचा चेहरा बदलला.

"आतल्या दाराला कुलूप?" ते म्हणाले. ऐकू कमी येतंय म्हणून आवाज मोठा, अख्ख्या गल्लीला जाणारा. "आज? व्याही येताना? घर फुटलंय म्हणून सांगायचं हाय का त्यांना? ह्या घरात माझ्या बापानं कधी आत कुलूप लावलं न्हाय, मी लावलं न्हाय, आणि तू लावणार?"

"आप्पा, मी घर न्हाय फोडत," अश्विनी म्हणाली. "मला माझी खोली पायजे. मी परत आल्यावर ती माझीच असायला पायजे, एवढंच." तिचे डोळे भरले होते पण आवाज हलला न्हाय. आप्पा म्हणाले, "न्हाय म्हंजे न्हाय." मी टोपी काढून हातात धरली. असल्या वेळी कुलूपवाल्यानं भिंतीकडं बघायचं असतंय, आणि मी बघत होतो.

आणि दारात गाडी थांबली. खरे बीगरु आले.

मुलीचे वडील, भारदस्त माणूस, मिशाळ. बरोबर त्यांची थोरली बहीण, शांतव्वा. शांतव्वा म्हंजे हातभर हिरव्या बांगड्या आणि नजर अशी, की घरातली एक वस्तू सुटायची न्हाय. आप्पांनी राग गिळला, हात जोडले. मी निघायला उठलो तर आप्पांनी मला डोळ्यांनीच बसवलं. गंध लावलेल्या माणसाला व्याह्यांसमोर हाकलायचं तरी कसं, असं त्यांना झालं असणार.

चहापाणी झालं. शांतव्वा उठल्या, घर बघायला. माजघर बघितलं, माग बघितले, पूजेतल्या ड्रिलला हात जोडले. मग नातवाची खोली. लग्नानंतर त्यांची भाची हितंच राहणार. शांतव्वांनी दार लावून बघितलं. लागेना. कडी वाकलेली, दार आपोआप उघडत येई. त्यांनी पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं.

त्या कन्नडात बोलल्या, मी मराठीत सांगतो. "आमची पोर नर्स हाय. रात्रपाळी करती. दिवसा झोपायला लागतंय तिला. ह्या दाराला आतनं काय हाय? आणि माहेरी आली तर मागं खोलीत कोण जाणार? माझं लग्न झालं तवा माझ्या ट्रंकेला कुलूप होतं, खोलीला नव्हतं. तीस वर्षं मी ट्रंकेवर बसून काढली. पोरीला तसं करायचं न्हाय मला."

 बोलणं जरा उशिरा पोचतंय म्हणून अश्विनीच्या आईनं आप्पांच्या कानात मराठीत सांगितलं. सगळ्यांची नजर आप्पांवर. जुळत आलेली सोयरीक त्या वाकलेल्या कडीवर येऊन थांबली होती. आप्पांनी वाकलेल्या कडीकडं बघितलं. मग अश्विनीकडं बघितलं, बराच वेळ. आणि मग माझ्याकडं बोट करून, छाती काढून म्हणाले, "म्हणूनच तर ह्यांना बोलावलंय. दोन्ही खोल्यांना कुलूप बसवायचं ठरवलंय आम्ही. नातीच्या आणि नातसुनेच्या."

मी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

व्याह्यांनी इचारलं, हे कोण? आप्पांनी सांगितलं, बीगदवरु. आणि मग त्या भल्या माणसानं स्वतःचीच फजिती सगळी सांगितली. कसं ऐकू आलं न्हाय, कसे पाय धुतले, कशी त्यांची टोपी मला घातली आणि कुलपाची हत्यारं पूजेला मांडली. व्याही हसायला लागले ते मिशा पुसायची वेळ आली. मी टोपी त्यांना द्यायला गेलो तर माझा हात धरून म्हणाले, "राहू द्या. आधी बीग, मग बीगरु. क्रम बरोबर झाला."

सोयरीक तिथंच ठरली.

पण कुलूप बसलं नव्हतं, आणि हत्यारं पूजेत. पाहुणे गेल्यावर आप्पा मला म्हणाले, "पहाटे पाचला या. उत्तरपूजा मी करतो." घरी गेलो तर बायको दारातच. टोपी बघितली, टावेल बघितला, मोकळे हात बघितले. म्हणाली, "हत्यारं घालवून टोपी घिऊन आलासा?" मी सगळं सांगितलं. ती हसता हसता खाली बसली आणि म्हणाली, "त्या पिशवीला माझ्यापेक्षा देव कळतोय."

दसऱ्याला पहाटे पाचला गेलो. आप्पा आंघोळ करून तयार. पूजा केली, हार उतरवले, आणि पहिली पटाशी स्वतः उचलून माझ्या हातात दिली. "मुहूर्ताचं काम हाय," म्हणाले, "नीट करा." जुनं सागवानी दार. मी माप घेतलं, पेन्सिलीनं खूण केली आणि ड्रिल लावलं. कुंकू लागलेल्या टोकानं पहिलं भोक पडलं. आप्पा शेजारी पाटावर बसून बघत होते.

अश्विनी बॅग भरत होती. ती भाईर आली आणि त्यांच्यासमोर बसली. पटाशीचा ठोका थांबवून मी भुसा फुंकत होतो, म्हणून मला ऐकू आलं. "आप्पा," ती मोठ्यानं म्हणाली, "त्या व्यापाऱ्यानं माझी वही वाचली तवा तुम्ही हसलासा. ते मला लई लागलं."

आप्पांना काय आठवेना. तिनं पुन्हा सांगितलं, पलंग, उशी, वही. मग त्यांना आठवलं. "तो वही वाचत होता व्हय?" म्हणाले. "मला काय ऐकू आलं न्हाय गं बाळ. तो हसला म्हणून मी हसलो. मी तसंच करतोय. लोक हसले की हसतो, न्हायतर म्हणत्यात, म्हाताऱ्याला ऐकू येत न्हाय."

पोरगी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली, आणि रडता रडता हसलीबी. एवढे दिवस ती ज्या हसण्यावर रागावून होती, ते हसणं तिच्यावर नव्हतंच. मी खाच साफ करत राहिलो. ती लई स्वच्छ खाच झाली, कारण तिथनं मान वर काढायची माझी हिंमत नव्हती.

सात वाजता कुलूप बसलं. तीन चाव्या. मी तिन्ही तिच्यासमोर फिरवून दाखवल्या आणि माझा दुसरा प्रश्न इचारला, जो मी शेवटी इचारतो. एक तुझ्याकडं, एक जपून ठेवायची, आणि एक कुणाकडं? कारण आत नळ फुटला, वायर जळाली, तर कुणीतरी उघडायला पायजे. गिऱ्हाईक हितं सगळ्यात जास्त अडखळतंय.

अश्विनीनं चावी आप्पांच्या हातात ठेवली. आप्पा म्हणाले, "मला? आणि मी उघडलं तर?" ती म्हणाली, "तुम्ही उघडणार न्हाईसा." आप्पांनी मागाचा पिवळा दोरा तोडला, चावी त्यात ओवली आणि करदोट्याला बांधली. मग तिनं खोलीत एकदा बघितलं, दार ओढलं, कुलूप लावलं, आणि सगळ्यांना सोनं दिऊन सांबऱ्याला गेली.

त्या चार महिन्यांत मी नातवाच्या खोलीलाबी कुलूप बसवून आलो. लग्नसराईचा माल घरभर होता. गठ्ठे माजघरात, जिन्यात, आप्पांच्या खाटेखाली, मग खाटेवर. आप्पा अंथरूण घालून खाली झोपत होते. एक व्यापारी बंद दाराकडं बघून म्हणाला, ही खोली मोकळी दिसती की. आप्पा म्हणाले, "मोकळी न्हाय. आमची आशू राहती तिथं." आशू बेंगळुरूला होती. दिवाळीलाबी तिला सुटी मिळाली नव्हती.

लग्न माघात झालं. मला पत्रिका, बायकोसकट. टोपी-टावेलाची वेळ आली आणि आप्पांनी माइकवर हाक मारली, "बीगरु, पुढं या." मिशाळ व्याही उठले. आप्पांनी पुन्हा हाक मारली, "दोन्ही बीगरु." सगळ्या मांडवानं माझ्याकडं बघितलं. बायकोनं मला कोपरानं ढकललं. दुसरी टोपी मिळाली.

पंगतीत अश्विनी जिलबीचं ताट घिऊन आली. आदल्या दिवशीच बेंगळुरूहून आलेली. मला वाढायचं सोडून समोर उकिडवी बसली. म्हणाली, "अण्णा, काल दार उघडलं." मी म्हणलं, बरं हाय न्हवं सगळं? कुलूप अडकलं तर न्हाय?

"धूळ होती अण्णा," ती म्हणाली. तिचा चेहरा एवढा फुलला होता की आधी मला समजंना. "टेबलावर, वहीवर, पलंगावर. सगळीकडं, एकसारखी. एक बोटसुद्धा उठलं न्हाय कुणाचं. मी किती वेळ नुसती दारात उभी राहून बघत बसले, झाडायचं मनच होईना."

मागं आप्पा उभे होते. त्यांना ऐकू आलं न्हाय, पण ती हसली म्हणून तेबी हसले.